सगुणाआत्याची मशेरी

माझी सगुणाआत्या कोपरीच्या बाजारात मासळी विकते. कुणी पापलेटाच्या भावावरून फार घासाघीस केली, तर "भेंडी घे मग, ती स्वस्त हाय" असं सुनावून मोकळी. तोंडाची अशी फटकळ, पण सकाळी मशेरी लावल्याशिवाय ते तोंड उघडायचं नाही. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून डबीत भरायची, आणि उठल्याउठल्या बोटावर घेऊन हिरड्यांना घासत बसायचं. भाजताना घरभर खकाणा उठायचा, सगळे खोकायचे, आणि तरी आमच्यात त्याला कुणी व्यसन म्हणत नसे. ते दात घासणं. व्यसन म्हणजे तिच्या नवऱ्याची, नामाकाकांची दारू, जी त्यांना घेऊन गेली.

यज्ञेश तिचा एकुलता एक. त्याचं लग्न झालं आणि सून दक्षता लवकरच गरोदर राहिली. उलट्यांनी पोरगी बेजार. आत्याने तिला जवळ बसवलं आणि डबी पुढे केली. "चिमूटभर दाताना लाव. मळमळ जाते. यज्ञेशच्या वेळेला मी पण लावायची." मायेने केलं तिने हे, त्याबद्दल मी कुणालाही वाईट बोलू देणार नाही. दक्षताला तरतरी वाटली. मग ती आपणहून मागायला लागली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तंबाखू वगैरे काही?" दोघी एकदम म्हणाल्या, "छे, आमच्यात बायका तंबाखू खात नाहीत." आपण खोटं बोललो असं त्यांच्या मनातही आलं नाही.

मुलगा पोटातच गेला. दिवस भरत आले होते, पण बाळ वाढलंच नव्हतं.

मी वर्तकनगरला औषधांच्या दुकानात काम करते, फार्मसी शिकलेय. भेटायला गेले, तर दक्षता मोरीत तोंडात बोट घालून बसलेली. माझं डोकंच फिरलं. मी आत्याला बाहेर ओढलं.

"आत्या, ही तंबाखूच आहे. यातलं निकोटिन हिरडीतून रक्तात आणि तिथून मेंदूत जातं. मेंदूत डोपामिन सुटतं, म्हणून बरं वाटतं, पुन्हा हवंसं वाटतं. आणि नॉरएपिनेफ्रिन सुटतं, त्याने झोप उडते, छाती धडधडते, रक्तवाहिन्या आवळतात. बाळाला रक्त नेणाऱ्यासुद्धा. मग त्या जिवाला पोटात काय मिळणार?"

आत्याने कमरेची डबी काढून हातात घेतली. "म्हंजे मी मारला त्याला?"

"तेवढं ठामपणे डॉक्टरही सांगणार नाहीत गं."

"यज्ञेशला नको सांगू," ती म्हणाली. मी नाही सांगितलं.

दक्षताने सोडते म्हणून शब्द दिला आणि चोरून लावत राहिली. पुन्हा दिवस राहिले. या वेळी दवाखान्यात यज्ञेशही होता आणि मीही होते. पुन्हा तोच प्रश्न आला. दक्षता मान खाली घालून "नाही" म्हणाली. आत्या उठून उभी राहिली.

"लावते ती मशेरी. मीच लावायला शिकवली. पहिला गेला तो पण त्यानंच गेला असेल."

यज्ञेश रोज घरात ती डबी बघत होता, पण त्याच्याही लेखी ते दात घासणंच होतं. "तुला माहीत होतं?" त्याने आईला विचारलं. आत्याने होकाराची मान हलवली. एवढं बोलायला तिला केवढं बळ लागलं असेल, हे त्याला त्या क्षणी दिसलं नाही. कसं दिसणार? त्याचं पोर गेलं होतं.

महिनाअखेर त्याने ठाकुर्लीला भाड्याने खोली घेतली. दक्षताची चिडचिड झाली, रडारड झाली, पण तिची मशेरी सुटली. मुलगी झाली, धडधाकट. यज्ञेशने माझ्याकडे आत्यासाठी निरोप दिला, "मशेरी सोड आणि ये. तोवर पोरीला हात लावायचा नाही."

आत्याने डबी खाडीत फेकली. पण लहानपणापासून ज्या मेंदूला सकाळी बोटावर आनंद मिळत आला, तो आपला आपण खूश व्हायचं विसरून जातो. ती मासळीच्या पाटीसमोर सुन्न बसायची. हिशेब चुकायचा, हातावर कोयती लागायची, गिऱ्हाइकावर ओरडून मग स्वतःच रडायची. मी निकोटिनच्या चघळायच्या गोळ्या आणून दिल्या, डॉक्टरकडे नेलं. थोडे दिवस सुटायची, की शेजारणीच्या डबीत बोट जायचं. मी तिला वाट्टेल ते बोलले.

बारसं तीन महिन्यांनी ठेवलं होतं, त्या सुमारास मात्र तिने नेटाने धरलं होतं. "आता सुटली," असं मला फोनवर म्हणाली. बारशाला नवं लुगडं नेसली, पोरीसाठी चांदीचे वाळे घेतले. ठाकुर्लीच्या त्या इमारतीचा जिना आम्ही दोघी चढलो, आणि यज्ञेशच्या दाराच्या थोडं अलीकडे ती पायरीवर बसली.

"काय झालं?"

"सकाली लावली गो. हात थरथरत होते. पोरीला घ्यायचा, हातातून पडली तर, म्हणून लावली."

मला असा संताप आला! "चूळ भर आणि चल आत. कोण तुझं तोंड हुंगायला येतंय?"

"त्याला एकदा फसवला," आत्या म्हणाली. "आता नाय."

मी आत जाऊन यज्ञेशला सांगितलं. तो दारापर्यंत आला. पायरीवर बसलेल्या आईची पाठ त्याला दिसत होती. त्याचा हात दाराच्या कडीवर होता, ओठ हलले, आता हाक मारतो असं मला वाटलं. "तिला ताट नेऊन दे," तो मला म्हणाला आणि आत वळला.

आत्याने ताट मांडीवर घेतलं, पण घास काही उचलला नाही. "कुणासारखी हाय गो ती?"

"तुझ्यासारखी," मी म्हणाले. खरंच होती.

आत्या पदर तोंडावर धरून रडू लागली. आत पोरीला पाळण्यात घालत होते, म्हणून कुणीतरी दार लोटून घेतलं.