व्हय म्हणजे यस न्हाय

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण माझी एकुलती लेक परदेशात, आणि डॉक्टरांनी तिला विमानात बसू नको म्हणून सांगितलेलं. मग माहेरानंच तिच्याकडं जायचं ठरलं. माहेर म्हणजे मी एकटी. हे गेल्या साली गेले, आणि तेव्हापासून मला कशाचं काही वाटेनासं झालेलं. लेक म्हणाली, "आई, व्हिसाला इंटरव्ह्यू असतो, इंग्रजीचा क्लास लाव." मी लावला. विहिरीत उडी मार म्हणाली असती तरी बहुतेक मारली असती.

क्लास कसबा बावड्यातच, घरापासून चालत जाण्यासारखा. मॅडम माझ्या लेकीपेक्षा लहान. त्या मला काकू म्हणायच्या, मी त्यांना मॅडम. बाकी सगळी कॉलेजची पोरं. धिस, दॅट, इज, आर, डू, डझ, सगळं घोकलं. घोकायला मन लागत नाही, ते बरं होतं.

एके दिवशी छोट्या उत्तरांचा सराव चाललेला. प्रश्न नकाराचा, उत्तर यस किंवा नो. मॅडमना ठाऊक होतं की आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा येत नाही. म्हणून त्यांनी मला मुद्दाम सोपा प्रश्न दिला.

"काकू, यू डोन्ट ईट मटण?"

मी ठणकावून सांगितलं, "यस!"

मागनं एक पोरगं ओरडलं, "आयला, काकू मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा ओरपत्यात की!"

सगळा वर्ग हसला. मला राग आला. त्या दिवसांत मला आलेला तेवढाच राग. "दात काय काढताय रं? अहो मॅडम, तुम्ही म्हणताय मी खात न्हाई. मी म्हणते व्हय, खरं हाय तुमचं. खऱ्याला नो कसं म्हणू?"

"समोरच्याचं खरं का खोटं ते इंग्रजीत बघायचं नाही, काकू. आपण करतो का नाही, एवढंच बघायचं. नो, आय डोन्ट."

मी पुन्हापुन्हा म्हणून दाखवलं. तोंडात बसलं. मान मात्र होकाराचीच हलायची.

इंटरव्ह्यू मुंबईला. मराठीत बोलायची सोय होती, पण फॉर्म भरून देणारा म्हणालेला, "इंग्रजीत बोला मावशी, छाप पडते." खिडकीतल्या साहेबानं नाव विचारलं, लेकीचं विचारलं, सगळं नीट सांगितलं. मग तो म्हणाला, "यू डोन्ट वॉन्ट टू स्टे देअर?" तिथं कायमचं राहायचं नाही ना? माझ्या मनात आलं, बरोबर बोलतोय माणूस. मला कशाला राहायचंय तिथं?

"यस."

त्यानं वर बघितलं. "यस?"

"यस, यस!" मी मान हलवून हलवून सांगितलं.

त्यानं पासपोर्ट तिथंच परत दिला, व्हिसा नाही. बाहेर फुटपाथवर आल्यावर माझी ट्यूब पेटली. रडले नाही. भूक लागलेली, वडापाव खाल्ला. बरा होता.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "जाऊ दे आई. इथं नर्स असतात." मी म्हटलं, "बरं." पुन्हा अर्ज केला, पण तारीख मिळाली ती बाळंतपणाच्या पुढची.

नात झाली. जावयांचा फोन आला. मी गल्लीत जिलेबी वाटली. सगळ्याजणी हसून काय काय बोलत होत्या, मी पण हसत होते. आत काही हाललं नाही.

दवाखान्यातनं घरी आल्यावर लेकीनं व्हिडिओ कॉल लावला. बाळाची पहिली अंघोळ. जावयांनी फोन धरलेला, लेकीच्या हातात बाळ आणि पुढं प्लास्टिकचा टब.

"आई, भ्या वाटतंय गं. निसटली तर?"

"काय निसटत न्हाई. पाणी कोपरानं बघ. मानंखाली हात घाल. हां, तसा. आता पाठीवर हळू पाणी सोड."

बाळानं सूर लावला. लेकही रडायला लागली. "तू पाहिजे होतीस गं आई."

"रडू नकोस. टाळूवर हात धर," मी म्हटलं, आणि सहज खाली बघितलं. मी फरशीवर बसले होते, साडी गुडघ्यापर्यंत घेऊन, दोन्ही पाय लांब करून, पावलं जुळवून. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायला बसतात, तशी. कधी बसले, कळलंच नव्हतं. पाय कोरडे ठणठणीत होते.

तेव्हा मला रडू फुटलं. हे गेले तेव्हासुद्धा आलं नव्हतं.