शोकेसमधली विमानं
कान तुटलेल्या कपात चहा ओतला की मला नाशिकच्या सासरचा पहिला दसरा आठवतो. साफसफाई चालली होती. ओझरच्या माहेरी डोक्यावरून जाणारी लढाऊ विमानं बघून मी जोडलेली छोटी विमानं सासूबाईंनी ओल्या फडक्यानं खसाखसा पुसली. एकाचा पंखच मोडला. "नुसती धूळ खातात ही खेळणी, माळ्यावर टाक," त्या म्हणाल्या. मी शोकेस उघडली, त्यांचा कधीच न वापरलेला टी-सेट बाहेर काढला आणि काचेआड विमानं मांडली. "अगं, तो पाहुण्यांसाठी आहे!" त्या ओरडल्या. "मग आज आपणच पाहुणे," म्हणत मी त्याच कपांत चहा गाळला. त्या सेटमधला आज हा एकच कप उरलाय. विमानांवर मात्र धुळीचा कण नाही.