हाडातून काढलेली वाट

पहाटे पाचला उठून हत्यारांना धार लावली, की तात्या सुताराचा दिवस सुरू व्हायचा. त्या दिवशी घरात आवाज नव्हता. चार महिन्यांची नात तापाने किरकिरून अखेर गप्प पडली होती.

"झोपली बिचारी. उठवू नकोस," तो लेकीला म्हणाला.

"तात्या, ही झोप नाही. दूध तोंडात घेत नाहीये. पोट चटके देतंय आणि पाय बघा, कसे गार पडलेत."

त्याने इवलासा पाय हातात घेतला. धार लावायची पटाशी तशीच टाकून तो शेजाऱ्याचा टेम्पो काढायला धावला.

दवाखान्यात सिस्टरने बाळाच्या छातीवर बोट दाबून उचललं. पांढरा ठसा उमटला, तो लवकर जाईना. डॉक्टरीणबाई अंगाने काडीसारख्या, पण आवाज पक्का. "जंतू रक्तात पसरलेत. अंगात रक्त नीट फिरत नाहीये. सलाईन आणि अँटिबायोटिक आत्ताच जायला हवं."

सुईसाठी शीर ना हातात सापडली, ना पायात. बाईंनी शोधत बसण्यात वेळ घालवला नाही. "हाडातून देऊ."

"हाडातून?" लेकीने विचारलं.

"तिथून औषध सरळ रक्तात जातं, ताई."

गुडघ्याखाली नडगीच्या सपाट बाजूवर जाड सुई उभी धरून त्या फिरवत दाबू लागल्या. तात्या बघतच राहिला. लाकडात गिरमिट फिरवून भोकं पाडण्यात त्याचा जन्म गेला होता. जोर कोणीही लावतं. पार जाण्याआधी तो आवरणं, तिथे कस लागतो. फळी बिघडली तर दुसरी घेता येते. इथे करंगळीएवढं हाड होतं. एकाएकी बाईंचं मनगट सैल झालं. सुई थांबली आणि आधाराशिवाय ताठ उभी राहिली. तात्याने मनातल्या मनात हात जोडले.

मग सिरिंजने रेटून सलाईन. थोडं द्यायचं, थांबायचं, पाणी जास्त होत नाही ना हे बघायला छाती ऐकायची, यकृत चाचपायचं, पुन्हा थोडं. अँटिबायोटिक गेलं. कोणी मान वर केली नाही. हळूहळू पायांवर रंग चढला आणि बाळाने भोकाड पसरलं.

"आजोबा, रडू दे हं तिला," सिस्टर म्हणाली.

"रडू दे की. आमच्या घरात सगळ्यांचाच आवाज मोठा."

बाळ बरं झाल्यावर घरी सोडलं त्या दिवशी लेक बस स्टॉपकडे वळली. तात्याने टॅक्सीला हात केला.

"तात्या, बस आहे की."

"बसमध्ये कोणी हिच्या तोंडावर खोकलं म्हणजे?"

जन्मात पहिल्यांदाच तो टॅक्सीत बसला. एका घराच्या खिडक्या बसवून मिळालेली मजुरी अख्खी त्या भाड्यात गेली.