रेघेपर्यंत पाणी

पाडव्याला गाडी घरी आली, आणि पंधरा दिवसांत माझ्या पोटात जी भीती शिरली ती पुढं दोन महिने हलली नाही. आता माझ्या शाळेतल्या बाया म्हणतील, तुम्ही तर कुकरच्या शिट्टीलाही दचकता. दचकते. पण कुकरला घाबरून मी कधी कुणाचा जीव धोक्यात घातला नव्हता. गाडीच्या बाबतीत घातला.

गाडी पांढरी, उंच, चांगली दांडगी. हुलसूरच्या आमच्या गल्लीत ती वळायला लागली की माणसं ओट्यावर चढून उभी राहायची. जन्मभर मोटारसायकलवर फिरलेल्या माझ्या नवऱ्यानं पन्नाशी उलटल्यावर घेतलेली ही पहिली गाडी, तीही लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार म्हणून. "गुलबर्ग्याच्या दवाखान्याला लेकीला बसमधून धक्के खात न्यायचं व्हय?" असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते मलाही पटलं होतं.

पहिल्यांदा दिवा लागला तो बसवकल्याणहून परत येताना. स्टेअरिंगमागं थर्मामीटरसारखं एक लाल चित्र उमटलं आणि मी बोट दाखवेपर्यंत विझलं. "अहो, गाडी तापायलीय वाटतं," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू देवापुढचा दिवा मी फुंकर मारून विझवलाय.

सासऱ्यांचा एक नियम होता. नवा बैल दावणीला आला की पोळ्यापर्यंत त्याची खोड काढायची नाही. लंगडला तरी "चालायलाय की" म्हणायचं. बोललं की खोड अंगाला चिकटते. बैल गेले, सासरे गेले, नियम तेवढा राहिला आणि गाडीला येऊन लागला. गाडीचा पोळा म्हणजे खंडेनवमी, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची वाहनपूजा. "खंडेनवमीपर्यंत वाकडा शब्द काढू नको," ते म्हणाले. लेक नुकतीच माहेरी आली होती, आतल्या खोलीत होती. "आन घरात पोटुशी लेक हाय, ध्यानात ठेव." मी सातवीला विज्ञान शिकवते. मला हसू यायला हवं होतं. पण लेकीचं नाव घेतल्यावर माझं सगळं विज्ञान शेपूट घालून बसलं.

बोलायची बंदी झाली, बघायची नव्हती. ते अडत दुकानात गेले की दुपारी मी बॉनेट उघडायची. आत एक पांढरट प्लास्टिकची टाकी, तिच्यावर दोन रेघा, आणि त्यात इंजिन थंड ठेवणारं गुलाबी पाणी, लग्नातल्या सरबतासारखं. ते वरच्या रेघेच्या बोटभर खाली दिसायचं. रोज. मी स्वयंपाकघरातून तांब्या आणायची आणि बोअरचं पाणी रेघेपर्यंत भरायची. मनाला सांगायची, उन्हाळा आहे, आटत असेल. बंद टाकीतलं पाणी आटून जातं कुठं, हा प्रश्न सातवीच्या पोरानंही विचारला असता. मी विचारला नाही.

त्यात फोन. याच गाडीच्या मालकांचा एक ग्रुप मला सापडला आणि माझी झोप उडाली. कुणाची दोन महिन्यांची गाडी घाटात बंद पडलेली, कुणाचं कूलंट कुठं जातं ते गॅरेजलाही कळेना, कुणी नवीकोरी गाडी टोचन करून घरी आणलेली. खाली लोक एकमेकांना धीर देत होते आणि मी एकेक वाचून गार पडत होते. नवऱ्यानं विचारलं, "कामून जागी हायस?" तर मी म्हणायची, "शाळेचं काम."

एकदा धीर करून पहिल्या सर्व्हिसिंगला मी बरोबर गेले आणि तिथल्या माणसाला हळूच म्हणाले, जरा टाकी बघा. त्यानं बघितली. पाणी बरोब्बर रेघेवर. "एकदम ठीक आहे मॅडम," तो म्हणाला. आदल्या दुपारनंतर मी घातलंच नव्हतं, तरी भरलेलं. मला वाटलं, देवानं ऐकलं.

ज्येष्ठातली गोष्ट. लेकीला नववा सरत आलेला. पायांवर सूज होती आणि तपासणीचा दिवस होता, म्हणून सकाळी आठला निघालो. ती मागच्या सीटवर, मी तिच्या शेजारी. बसवकल्याण गेलं, हुमनाबाद गेलं. लेक नेहमी गाडीत बडबडते, त्या दिवशी खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, उकडत असेल. पण माझे डोळे तिच्याकडं कुठं होते? ते नवऱ्याच्या खांद्यावरून त्या दिव्यावर खिळलेले.

कमलापूरच्या अलीकडं चढ लागला आणि एसीतून गरम वारं यायला लागलं. मग दिवा लागला आणि या वेळी विझला नाही. भोंगा वाजायला लागला. बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली, रस्ता दिसेना, आणि गाडी दोन आचके देऊन बाभळीजवळ थांबली. मी लेकीला ओढूनच बाहेर काढलं. आता पेटणार, आता पेटणार, एवढंच माझ्या डोक्यात.

नवऱ्यानं बॉनेट उघडलं, खांद्यावरचा टॉवेल हाताला गुंडाळला आणि टाकीचं झाकण पकडलं. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. "उघडू नका! तोंडावर येईल सगळं!"

"पाणी घालावं लागतंय," ते ओरडले. "रोज घालतोय मी!"

"रोज?"

"रोज पहाटं. गाडी पुसताना." त्यांचा आवाज खाली आला. "तू घाबरशील म्हणून बोललो न्हाई."

"मी बी घालायलेय," मी म्हणाले. "दुपारी. तुम्ही दुकानात गेल्यावर."

ट्रक आमच्या अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि आम्ही दोघं, त्यांचं मनगट अजून माझ्या हातात, खुळ्यासारखे उभे. गळती अर्धी त्यांना दिसत होती, अर्धी मला. पुरी कुणालाच दिसली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या दोन मुठी झाकलेल्या होत्या.

तेवढ्यात बाभळीच्या सावलीतून लेकीचा आवाज आला. तिनं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"आई, काल संध्याकाळपासनं बाळ हललं न्हाई."

मी तिच्या पोटावर हात ठेवला. पोट घट्ट होतं आणि आत काहीच नव्हतं, म्हणजे काहीच कळत नव्हतं. "कामून बोलली न्हाईस गं? कामून?"

"तुम्हीच म्हणालात की, वाकडं बोलू नको म्हणून."

ती गाडीबद्दलची गोष्ट होती, असं मी म्हणणार होते.

तोवर नवरा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पसरून. लाल केळी भरलेला एक छोटा टेम्पो कचकन थांबला. चालकानं लेकीकडं एकदा बघितलं आणि शेजारची पिशवी उचलून खाली टाकली. "बैठो अम्मा. घबराओ नक्को, पाऊण घंटे में लेके जातूँ." पुढं दोघींपुरतीच जागा होती. नवरा मागं राहिला. आरशात ते दिसत होते, हातात पाण्याची बाटली, आणि ती कुठं ओतावी हे कळत नसल्यासारखे उभे. त्या वाटेत मी देवाला एकही नवस बोलले नाही. बोलायलाच भीती वाटत होती.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी यंत्र लावलं, त्यांचा चेहरा बदलला आणि त्यांनी लेकीला आत घेतलं. जाता जाता माझ्यावर ओरडल्या, "इतका वेळ काय करत होता? काल का नाही आणलं?" काय सांगणार? सासऱ्यांच्या बैलाची गोष्ट सांगू? मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आत मूल काढल्याचं कळलं तरी रडणं ऐकू येईना. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग एक बारीकसा, चिडका आवाज आला आणि मी तिथंच जमिनीवर बसले.

गाडीचं इंजिन खोलावं लागलं. गॅरेजवाल्यानं खालून पाणी सोडलं, ते गुलाबी नव्हतंच, आमच्या बोअरचं होतं. पंपापाशी बहुतेक पहिल्यापासून गळत होतं, तो म्हणाला. "टाकी रिकामी ठेवून आला असता तर पहिल्याच खेपेला कळलं असतं. एवढं भरत कोण होतं?" नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं.

नात आता दोन वर्षांची आहे, सोलापूरला असते. लेक रोज सकाळी फोन करते आणि सवयीनं म्हणते, "सगळं ठीक हाय."

"ठीक हाय ते राहू दे," मी म्हणते. "काय कमी हाय ते सांग."

ती सांगायला लागेपर्यंत मी पुन्हा त्या बाभळीखाली उभी असते, तिच्या पोटावर हात ठेवून.