आईसाठी घेतलेली लाल जपानी गाडी

पहिल्यांदाच जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला माझा एकच सल्ला आहे: बैल पारखणाऱ्या मामाला घरीच सोडून जा. इंजिन, गंज, कागदपत्रं एखादा मेकॅनिक बघून देईल. मामाचं काय करायचं, हे मात्र कुणीच सांगत नाही.

आम्ही आखाडा बाळापूरचे. आईचे गुडघे कामातून गेले होते. दवाखाना नांदेडला, आणि तिथवर काळ्यापिवळ्या जीपमध्ये अंग चोरून जायचं. परत आली की ती उंबऱ्यावरच बसून राहायची. थोरल्या भावाला ते बघवत नसे. तो हैदराबादेत कामाला होता. तिथं कुणाची तरी लाल जपानी गाडी विकायला निघाली आणि त्यानं ठरवलं, आईसाठी घ्यायची.

मी म्हटलं, आधी आईला नेऊन गाडीत बसवून बघ. तिच्या गुडघ्यांना रोज तेल मी चोळत होते. ते किती वाकतात ते मला ठाऊक होतं. मामा म्हणाला, "बैल घ्यायला कुणी बायामाणसं नेतंय व्हय?" झालं, विषय संपला. पुरुष तेवढे गेले. मामानं टायर खुरांसारखे दाबून पाहिले, टपावर थाप मारली. बैलाला भरल्या गाडीला जुंपून बघतात, तसं मागच्या नावापुरत्या सीटवरही माणसं कोंबून गाडी चढावर पळवली. ती पळाली. मामा खूश.

गाडी दारात आली. ओवाळणं झालं, नारळ फुटला आणि मग कुठे आईची आठवण झाली. ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. सीट जमिनीपासून जेमतेम वीतभर. भावानं आणि मी धरून तिला आत सोडलं. बसली, हसलीसुद्धा. उतरायची वेळ आली तेव्हा पाय सरळ होईनात. मामा बाहेरून सांगत होता, "अक्का, डावा पाय आदी काढ." माझं डोकंच फिरलं. मी त्याला गप्प बसायला सांगितलं, सगळ्यांसमोर. शेवटी भावानं तिच्या काखेत हात घालून तिला ओढून काढलं. दुखण्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. भाऊ खाली मान घालून उभा राहिला. मामा म्हणाला, सवय होईल.

आईनं भावाचा खांदा धरून पदर नीट केला.

"गाडी लई चांगली हाय, लेकरा," ती म्हणाली. "फकस्त माझ्यासाठी घेतली म्हणू नको."