रिंग पडली की वर जाणारा हात

साळवेबाईंची आणि माझी पहिली गाठ मंठ्याच्या शाळेच्या मैदानावर पडली. मी पाचवीत होते आणि रांग सोडून कोलांट्या मारत होते. आता पाठीत धपाटा बसणार, याची मला खात्रीच होती. बाईंनी माझा पाय कानापर्यंत उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "हाडं हायेत का न्हाई गं तुला? उद्यापासून सरावाला ये!" आज बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि मी तालबद्ध जिम्नॅस्टिक्सच्या महाराष्ट्र संघात खेळते आहे.

सांघिक प्रकारात पाचजणी एकदम खेळतात. रिंगा एकमेकींकडे उंच फेकायच्या, गिरकी घ्यायची आणि दुसरीची रिंग झेलायची. एकीचं चुकलं की पाचींचे गुण जातात. आमच्या पहिल्या रिंगा बाईंनी शेतातल्या पाण्याच्या पाइपचे तुकडे वाकवून केल्या होत्या. सराव मंगल कार्यालयात चाले. लग्नतिथी असली की आम्ही बाहेर.

बाईंचा एक कायदा होता. रिंग पडली की टाकणारी आणि झेलणारी, दोघींनी हात वर करून "माझं" म्हणायचं. मी एकदा कुरकुरले, "बाई, तिनंच वाकडी टाकली!" बाई कडाडल्या, "मंग तू का पोचली न्हाईस तिथं? हात वर!" काय राग यायचा तेव्हा!

नववीत मी ताडमाड वाढले. कालपर्यंत अलगद हातात येणारी रिंग मनगटावर आपटून पडू लागली. काही पालक बाईंना भेटायला आले. "हिला बसवा बाई, राखीव पोरगी तयार हाय," असं ते म्हणत असताना मी दाराआड उभी होते. माझं सगळं जग त्या पाचांतल्या एका जागेवर उभं होतं.

बाई म्हणाल्या, "पोरगी वाढली, हा काय गुन्हा झाला? पाचीजणी नव्यानं शिकतील. बिलकुल काढणार न्हाई." माझे गुडघे ठणकत, तेव्हा त्या स्वतः तेल चोळून देत. माझ्या आईलाही तेवढा वेळ नव्हता.

आणि राज्य स्पर्धेत नेमकी माझ्याच हातून शेवटची रिंग निसटली. पदक गेलं. बाहेर आल्यावर एका पालकांनी विचारलं, "कोणामुळं गेलं?" मी हात वर केला. टाकणारीनंही केला. मग उरलेल्या तिघींनी केला, ज्यांचा काही संबंधच नव्हता. मागून बाईंचा आवाज आला, "माझं. उंच पोरीला रिंग उंच लागती, ते म्या उशिरा शिकवलं." बाईंचाही हात वर होता. त्यानंतर मला बसवायचं नाव कोणी काढलं नाही. पुढच्या वर्षी आम्ही त्याच पाचजणी रौप्यपदक घेऊन आलो.

आता गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बाई खुर्चीत बसून शिकवतात. परवा मी गेले, तेव्हा एका चिमुरडीची रिंग पडून गडगडत बाईंच्या खुर्चीला येऊन टेकली. दोघी पोरी एकमेकींकडे डोळे वटारून उभ्या; हात कोणाचाच वर जाईना. शेवटी खुर्चीतूनच बाईंचा हात वर गेला. पाठोपाठ दाराशी उभ्या असलेल्या माझाही गेला, आणि मग त्या दोघींचा.

बाई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. गुडघे सावकाश चालले तरी चालेल. तो हात मात्र आम्हाला अजून पुष्कळ वर्षं असाच वर गेलेला दिसू दे.