नावाम्होरचं

आमच्या चुलतसासऱ्यांइतका, म्हणजे आप्पांइतका, तापट माणूस राहूपासून केंदूरपर्यंत शोधून सापडायचा नाही, आणि ते तापायचे ते एकाच गोष्टीवर: कुणी कुणाला काय म्हणायचं. दवाखान्यातल्या नर्सनं ‘अंकल’ म्हटलं, तर आप्पा इंजेक्शन न घेताच घरी. म्हशीचा डॉक्टर नातवाच्या वयाचा, पण त्याला “अहो साहेब, जरा शेपूट धरता का?” गावातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेचा मजकूर तेच लिहायचे. कुणाला ‘मा. सरपंच’, कुणाला ‘प्रगतशील बागायतदार’, विधवेला ‘गं. भा.’, यात कुणाचा मान लिहायचा राहून गेला, की छापखान्यात जाऊन टेबल बडवायचे. मला तर या माणसाचा वीट आला होता.

गेल्या साली त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, केंदूरच्या आक्कांच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरा गेल्यावर आक्कांनी शेवंती लावून, स्वतः तोडून पोरगी शिकवली. आप्पांनी सवयीनं निमंत्रकांत दिरांची नावं वर घातली, आणि तळाला ‘गं. भा.’ लावून आक्का. आक्कांनी कागद परत सरकवला.

“दादा, ह्ये नावाम्होरचं काढा. नुसतं नाव लिवा, आन् वर लिवा. न्हाईतर मी मांडवात पाय ठिवत न्हाई.”

“अगं, मान हाय त्यो!”

“मान? मंग तुमच्या नावाम्होरं का न्हाई? वहिनी जाऊन धा वर्सं झाली की!”

आप्पा असे संतापले की चहा तसाच ठेवून निघाले. चौथ्या दिवशी छापखाना गाठला. पत्रिका हातात आली तर पहिलं नाव आक्कांचं, नुसतं. आणि खालच्या झाडून सगळ्यांचे मान उडवलेले! दीर रुसले, भावकी पेटली. तीस वर्षं मास्तरकी केलेला मी, माझ्याही नावापुढचं ‘सर’ गायब. मी फोनवर ताडताड बोललो.

“जावईबापू, सगळ्यांला न्हाईतर कुणालाच न्हाई!” म्हणाले आणि फोन बंद.

रागारागात पत्रिका फाडायला घेतली, तर आईनं ती काढून घेतली. बोट ठेवून आक्कांचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

“तुझ्या पत्रिकेत मी कुठं व्हते रं?”

वडील मी शाळेत शिकत असतानाच गेलेले. माझ्या लग्नाची पत्रिका मीच लिहिली होती, निमंत्रक चुलते होते. आईचं नाव मी कुठंच घातलं नव्हतं.